नटाची पारख : समक्ष आणि दुरून

कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना अर्जावरून निर्णय देणे आणि अर्जदारास समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकून घेणे यांतील भेद समजावून सांगावयास नको. कागद कितीही व्यवस्थित असला तरी त्यास प्रतिप्रश्न करता येत नाही. उलट समोरच्या माणसास एकच प्रश्न विचारला तरी कित्येकदा सबंध प्रकरणाचा रंग पालटतो. राज्यकारभारात सुनावणीला महत्त्व आले ते यामुळेच. नटाची निवड ही काही न्यायदानाची बाब नव्हे. तथापि तिच्या इतिहासाकडे पाहू लागलो म्हणजे तेथेही हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहिलेला आम्हांस दिसतो. नट एका गावी, पारखी दुसऱ्या गावी. मधले अंतर कोणी तोडावयाचे आणि कशाच्या साहाय्याने? छायाचित्र, चित्रपट, ध्वनिमुद्रण, चित्रफीत आणि अखेर खिशातील दूरध्वनी अशी या प्रश्नाची उत्तरे एकामागून एक निघत गेली. प्रत्येक उत्तराने अंतर थोडेथोडे कमी केले. आणि बहुतेकांनी सुनावणीचाही थोडाथोडा भाग कमी केला. हे कसे घडत गेले ते येथे पाहावयाचे आहे.

आमच्या संगीत रंगभूमीच्या आरंभकाळी अंतर तोडण्याचे काम पारख्याकडेच असे. नाटक मंडळ्या फिरत्या होत्या. मुक्कामामागून मुक्काम होत असता मालकांच्या व तालीममास्तरांच्या कानावर कोणा गोड गळ्याच्या मुलाची वार्ता येई, आणि मग त्यास बोलावून प्रत्यक्ष ऐकण्यात येई. अण्णासाहेब किर्लोस्कर हे स्वतः सरकारी नोकरीत होते. आणि १८८२ साली त्यांच्या मंडळीस लाभलेले भाऊराव कोल्हटकर हेही बडोद्याच्या एका कचेरीत नोकरीस असलेले तरुण होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसास हा योगायोग मौजेचा वाटेल. ज्या कंठाने पुढे सुभद्रेची पदे घरोघर पोचविली, तो कंठ गुजराथेतील एका संस्थानी शहरात सापडला. भाऊराव १९०१ साली वारले आणि मंडळीस स्त्रीभूमिकांची चणचण भासू लागली. तेव्हा १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस यांचा प्रवेश झाला. त्यांना सारा महाराष्ट्र बालगंधर्व या नावाने ओळखतो.

या समक्ष पारखीत एक गुण असा होता की तीत दुसरी संधी पोटातच होती. मुलाने एक पद म्हटले आणि ते मनासारखे उतरले नाही, तर तालीममास्तर म्हणे, ‘असे नको, असे म्हणून पाहा.’ त्या दुसऱ्या वेळी मुलगा काय करतो यावरच खरा निर्णय ठरे. आज त्यास काय येते यापेक्षा उद्या त्याला काय शिकविता येईल, याची ती परीक्षा असे. अर्थात या पद्धतीचे दोषही उघड होते. ज्या गावी मंडळी गेलीच नाही, त्या गावचा कंठ तेथेच विरून गेला. शिवाय सारे काही मालकाच्या मर्जीवर असे आणि दाद मागण्यास जागा नसे.

चित्रपट आला तेव्हा अंतर तोडण्याचे पहिले नवे साधन म्हणून वर्तमानपत्रातील जाहिरात पुढे आली. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी जाहिराती देऊन नटनटींना पाचारण केले. पण तारामतीच्या कामासाठी हवी तशी स्त्री काही मिळाली नाही. अखेर मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या दृष्टीस पडले, आणि १९१३ साली हिंदुस्थानच्या पडद्यावरील पहिली तारामती त्यांच्या रूपाने अवतरली. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे याच साळुंक्यांनी केली. चार दशकांनंतर बंगाल्यात जवळजवळ असाच प्रकार घडला. ‘पथेर पांचाली’तील अपूसाठी सत्यजित राय यांनी जाहिरात दिली, मुले पाहिली, परंतु मनाजोगा मुलगा मिळेना. तो अखेर त्यांच्या पत्नीस शेजारच्याच घरी सापडला. जाहिरात माणसे गोळा करू शकते, पण त्यांतून निवड करू शकत नाही. निवड करते ती नजर. आणि नजरेस त्या काळी तरी माणूस समोर असावा लागे.

मग ही नजरच दूरवर पाठविता आली तर? या इच्छेतून पुढील साधने निघाली. लंडन येथे १९२७ साली ‘स्पॉटलाइट’ नावाची नटनटींची निर्देशिका निघू लागली. छायाचित्र, नाव आणि संपर्काचा मार्ग एवढाच तिचा मजकूर. परंतु तिच्यामुळे निर्मात्यास आपल्या मेजावर बसून शेकडो चेहरे न्याहाळता येऊ लागले. अमेरिकेत हॉलिवूडने याच्या पुढचे पाऊल टाकले. उमेदवारास रंगवून, पोशाख घालून, कॅमेऱ्यासमोर एखादा प्रवेश करावयास लावावयाचा आणि ती फीत निर्मात्याने सवडीने पाहावयाची, ही पडद्यावरची चाचणी म्हणजे ‘स्क्रीन टेस्ट’. नट आणि पारखी यांनी एका वेळी एका जागी असलेच पाहिजे, ही अट येथे प्रथमच सुटली.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातील स्कार्लेट ओहाराचा शोध. डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्याने १९३६ पासून दोन वर्षांहून अधिक काळ तो चालविला. त्याची माणसे अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडली, सुमारे चौदाशे स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि त्यांपैकी तीसएक जणींच्या चाचण्या चित्रित करण्यात आल्या. आणि एवढे करून निवड झाली ती व्हिव्हियन ली या इंग्रज नटीची! १९३८ च्या डिसेंबरात अटलांटा शहर जळत असल्याचे दृश्य चित्रित होत असता सेल्झनिकची आणि तिची समोरासमोर भेट झाली. तिचीही रीतसर चाचणी मागाहून झालीच. यावरून हा शोध व्यर्थ होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्याने चित्रपटाची कीर्ती आधीच सर्वत्र पोचविली. आणि दूरच्या गावातील सामान्य मुलीसही पडद्याचे दार आपणासाठी किलकिले झाल्याचा भास झाला. हा भास पुढील सर्व युगांत टिकून राहिला आहे, म्हणून त्याची येथे नोंद करून ठेवतो.

याच सुमारास बोलपटाने पारखीत आवाजाची भर घातली. ‘आलमआरा’ १९३१ साली आला आणि पुढल्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलका केला. मूकपटाच्या काळी ज्यांची चलती होती त्यांपैकी कित्येकांना आता भाषेची परीक्षा द्यावी लागली. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स यांना पडद्यावर टिकण्यासाठी हिंदुस्थानी भाषा मुद्दाम शिकावी लागली. चेहरा छायाचित्रातून पाठविता येई. आवाज पाठविण्याची सोय अद्याप सामान्य माणसाच्या हाती नव्हती.

आवाज माणसापासून वेगळा काढून तपासण्याची जी व्यवस्था आमच्या देशात उभी राहिली तिचे श्रेय आकाशवाणीस द्यावयास हवे. आणि या प्रकरणात दोन मराठी माणसे केंद्रस्थानी होती, हे आपल्या वाचकांनी ध्यानी घेण्यासारखे आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत गायक-वादकांची चाचणी घेऊन श्रेणी लावण्याची पद्धत सुरू झाली आणि या कामी लखनौचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांजकडे प्रमुखपद आले. पुढे ही पद्धत अशी स्थिरावली की स्थानिक समितीने प्रथम ऐकावे, ध्वनिमुद्रण दिल्लीच्या मंडळाकडे जावे आणि तेथे परीक्षकांनी कलावंताचे नाव न कळता गुण द्यावेत. नभोनाट्यात काम करणाऱ्यांसही आवाजाची चाचणी लागू झाली, आणि बी, बी-हाय, ए व टॉप अशा श्रेणी नाट्यकलावंतांच्याही वाट्यास आल्या.

या पद्धतीविरुद्ध त्या काळी मोठा गहजब झाला. ज्यांनी दरबारांत व मैफिलींत नाव मिळविले होते त्या गुणिजनांस पुन्हा परीक्षेस बसविणे हा अपमान वाटला, आणि मुंबईस तर विरोध बराच तीव्र होता. दोन्ही बाजूंस सत्याचा अंश होता असे आम्हांस वाटते. नाव झाकून ऐकण्याने घराणे, ओळख आणि शिफारस यांचा प्रभाव कमी होतो, व दूरच्या केंद्रावरील अनामिकास मोठ्या नावाच्या बरोबरीने तोलले जाते. हा लाभ लहान नव्हे. परंतु मुद्रित आवाजास ‘असे नको, असे म्हणून पाहा’ असे सांगता येत नाही, ही उणीवही तितकीच खरी. निःपक्षपातीपणा मिळविला तो संवाद गमावून. दुरून होणाऱ्या सर्व पारखींचे हेच मूल्य ठरलेले आहे.

छायाचित्र आणि आवाज या दोन साधनांनी एकाच माणसाविषयी किती भिन्न निवाडे द्यावेत याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. अमिताभ बच्चन यांना आकाशवाणीच्या चाचणीत अपयश आले, ही हकीगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. उलट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘सात हिंदुस्तानी’साठी त्यांचे छायाचित्र आधी मुंबईस पोचले आणि मागून ते स्वतः कलकत्त्याहून आले. चित्रपट १९६९ साली प्रदर्शित झाला. आणि त्याच वर्षी मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये निवेदनासाठी जो आवाज योजला गेला तो याच बच्चन यांचा. चित्रपट-नियतकालिकांच्या नवोदित-शोधस्पर्धाही याच काळातल्या. अशा स्पर्धेतून धर्मेंद्र पंजाबातून मुंबईस आले व १९६० साली पडद्यावर झळकले. १९६५ च्या स्पर्धेत हजारो उमेदवारांतून राजेश खन्ना निवडले गेले. या स्पर्धांत दुरून होणारी चाळणी आणि समक्ष होणारी अंतिम परीक्षा यांची सांगड होती. टपालाने गर्दी विरळ करावयाची आणि निर्णय मात्र माणूस समोर आणूनच करावयाचा, हा मार्ग आम्हांस आजही शहाणपणाचा वाटतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची प्रवेशपरीक्षाही याच जातीची. निरनिराळ्या शहरांतील केंद्रांवर प्राथमिक निवड होते आणि तीतून निवडलेल्यांस काही दिवस एकत्र ठेवून, काम करावयास लावून, मग अंतिम निर्णय दिला जातो.

दूरचित्रवाणीने तर एक निराळीच गंमत केली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे मराठी बातम्या देणारी एक तरुणी श्याम बेनेगल यांच्या पाहण्यात आली, आणि ‘चरणदास चोर’ या १९७५ सालच्या चित्रपटातून स्मिता पाटील यांचा प्रवास सुरू झाला. येथे उमेदवाराने अर्ज केला नव्हता व परीक्षा चालू आहे याची तिला कल्पनाही नव्हती. तिची नजर, तिचा स्वर, मजकुरावरील तिची पकड ही दिवाणखान्यातील पेटीवर सहज दिसत होती. दुरून झालेल्या पारखीत इतकी निर्मळ पारख क्वचितच सापडेल. कारण परीक्षेच्या भीतीने येणारा ताठरपणा तीत नव्हता.

यानंतरचे साधन म्हणजे चित्रफीत. व्हीएचएस पद्धतीची यंत्रे १९७६ साली जपानात बाजारात आली आणि पुढील दशकात हातात धरता येणारे कॅमेरे निघाले. आता उमेदवारास आपली चाचणी स्वतःच चित्रित करता येऊ लागली. तत्पूर्वी १९७१ साली लॉस एंजेलिस येथे ‘ब्रेकडाउन सर्व्हिसेस’ ही संस्था निघाली होती. कोणत्या चित्रपटात कोणती पात्रे आहेत व कशा प्रकारचा नट हवा आहे, याची टिपणे ती नटांच्या प्रतिनिधींना पोचवी. म्हणजे एका बाजूने मागणीचे वर्णन जाऊ लागले आणि दुसऱ्या बाजूने फीत येऊ लागली. पण फितीचा मार्ग सुकर नव्हता. ती टपालाने जावयास कित्येक दिवस लागत. नकलेची नक्कल काढली की चित्र धूसर होई. आणि हिंदुस्थानातील व इंग्लंडातील फीत अमेरिकेतील सामान्य यंत्रावर चालत नसे, कारण दोन्हीकडील प्रक्षेपणपद्धती वेगळ्या. कॅमेरा परवडणारी घरेही थोडीच होती.

हे सारे अडथळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत गळून पडले. स्काइप २००३ साली आले, यूट्यूब २००५ साली. त्यानंतर कॅमेरा असलेला दूरध्वनी सर्वांच्या हाती आला आणि आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरानंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात पात्रनिवड करणाऱ्यांच्या कचेऱ्यांपुढे उमेदवारांच्या रांगा लागतच होत्या. परंतु त्या रांगेबरोबर दुसरी एक अदृश्य रांगही वाढू लागली. ती सिलिगुडीपासून बेळगावापर्यंत पसरलेली होती. ‘सेल्फ-टेप’ हा शब्द या मंडळींच्या नित्याच्या बोलण्यात आला. त्या फितीत प्रथम नाव, वय, उंची सांगावयाची, डावी-उजवी बाजू दाखवावयाची, मग साध्या भिंतीपुढे उभे राहून दिलेला प्रवेश करावयाचा आणि समोरच्या पात्राचे संवाद कॅमेऱ्यामागून घरातील कोणी वाचावयाचे, असा तिचा ठराविक साचा.

‘थॉर’ या २०११ सालच्या चित्रपटातील नायक क्रिस हेम्सवर्थ याने आपली निर्णायक फीत व्हँकूव्हरमधील हॉटेलच्या खोलीत चित्रित केली आणि पित्याचे संवाद वाचले ते त्याच्या आईने! ही कथा वाचून हसू येते, पण तिच्यातील मर्म गंभीर आहे. अभिनय म्हणजे बव्हंशी प्रतिसाद होय. समोरचा नट ज्या स्वरात बोलेल त्यावर आपला स्वर ठरतो. घरच्या फितीत समोर नट नसतो. असते आई, भाऊ किंवा खोलीतील सोबती. ज्याच्या घरी वाचणारे माणूस चांगले, खोली शांत आणि उजेड पुरेसा, त्याची फीत उजळ दिसते. म्हणजे ज्या साधनाने गावाचे अंतर पुसले त्याच साधनाने घराघरातील अंतर पुढे आणले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. जगात इतरत्रही थोड्याफार फरकाने तेच घडले आणि जे आजवर सोयीसाठी होते ते सक्तीचे झाले. पुढे दारे उघडली तरी जुनी रीत पूर्ववत परतली नाही. कारण उघड आहे. एका दिवसात समक्ष पन्नास जण पाहणे जेथे कठीण, तेथे फिती शेकड्यांनी मागविता येतात. मागविण्यास खर्च नाही, आणि न आवडलेली फीत काही क्षणांत बंद करण्यात संकोचही नाही. पूर्वी जागा, उजेड, कॅमेरा आणि समोरचा वाचक ही सर्व सामग्री परीक्षक पुरवीत असे. आता ती उमेदवाराने पुरवावयाची. अंतर तोडण्याचा भार प्रथम नाटक मंडळीवर होता, मग तो मुंबईची गाडी पकडणाऱ्या तरुणावर आला, आणि आता घरी बसलेल्या त्याच तरुणावर परीक्षागृह उभारण्याचाही भार आला आहे.

या स्थित्यंतराविरुद्ध अमेरिकेत संघटित दाद मागण्यात आली. तेथील चित्रपट व दूरचित्रवाणी नटांच्या संघटनेने १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ असा ११८ दिवस संप केला. मोबदला आणि यांत्रिक बुद्धिमत्तेने नटाची प्रतिकृती बनविणे हे त्यातील ठळक प्रश्न होते. परंतु घरच्या फितींचा प्रश्नही तडजोडीत निघाला. पहिल्या फेरीस आठ व पुढील फेरीस बारा पानांहून अधिक मजकूर मागू नये, आणि सुटीचे दिवस सोडून किमान ४८ तासांचा अवधी द्यावा, असे त्यात ठरले. सरकारी परिपत्रकांची सवय असलेल्या वाचकांस या अटी क्षुल्लक वाटणार नाहीत. अर्जदाराकडून काय मागावे व किती मुदतीत मागावे, हे लेखी ठरणे हीच सुव्यवस्थेची पहिली पायरी असते.

या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? ज्यांची बदली आज रांचीस तर उद्या गुवाहाटीस होते, अशा घरांतील मुलामुलींस अभिनयाची ओढ असली तर पूर्वी दोनच मार्ग होते : ती ओढ गिळावी, नाही तर घर सोडावे. आज तिसरा मार्ग आहे. कोणी कितीही नाके मुरडली तरी तो खरा आहे, आणि त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु पालकांनी त्याचे स्वरूप ओळखून घ्यावे. पाठविलेल्या फितीस उत्तर आले नाही म्हणजे गुण नाही असा निवाडा झाला, असे समजण्याचे कारण नाही. कित्येकदा प्रकरण उघडलेलेच नसते. चाचणीसाठी कोणी आगाऊ पैसे मागितले तर तेथेच थांबावे, कारण परीक्षार्थीच्या उत्सुकतेवर जगणारी टोळकी या नव्या रस्त्यावर फार झाली आहेत. आणि मुलास आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत, स्थानिक मंडळाच्या तालमीत का होईना, समोरच्या नटाचे ऐकून उत्तर देण्याची सवय असू द्यावी. परमुलुखांतील आमच्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांतील नाटके या दृष्टीने किती मोलाची आहेत, ते वेगळे सांगावयास नको.

पात्रनिवड करणाऱ्यांकडूनही आमचे मागणे माफक आहे. फीत पोचली एवढे कळवावे, निर्णयाची मुदत सांगावी, आणि ज्यांच्या कामात थोडीही चमक दिसेल अशांपैकी काहींना निदान पडद्यावरून तरी समोरासमोर भेटून एकदा म्हणावे, ‘असे नको, असे करून पाहा.’ ज्या यंत्राने फीत क्षणात आणून दिली, त्याच यंत्रावर एवढे बोलणेही होऊ शकते. त्यास लागणारी पाच-दहा मिनिटे मात्र यंत्र देणार नाही. ती माणसासच द्यावी लागतील.